निळवलीच्या चौकाचं पुनरुज्जीवन

१ जानेवारी, सकाळ
नोकरी सोडली. बिल्डरकडे आर्किटेक्ट म्हणून लोकांचे जिने काढण्यात उमेद गेली. आता समाज. संस्थेचं नाव 'आपला चौक'. शीळफाट्याच्या अलीकडचं निळवली गाव पक्कं केलंय. गावाच्या मधोमध एक मोठी मोकळी जागा आहे, नुसती पडून. कुणाला कळत कसं नाही?

योगिनीला सांगितलं. बायको म्हणून जरा आनंद दाखवायला हरकत नव्हती. म्हणाली, मेअखेरपर्यंत वाट बघीन. संस्था उभी राहिली नाही तर वागळे इस्टेटला प्रफुल्लच्या कारखान्यात मॉड्युलर किचन काढायला जायचं. प्रफुल्ल तिचा धाकटा भाऊ. मेहुण्याला 'सर' म्हणू? त्यापेक्षा मरण बरं.

१९ जानेवारी
पहिली लोकसहभाग बैठक. गर्दी चांगली. (वडे होते.) रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न: तुम्हाला चौकात काय हवं? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, कायपन नको. कलावतीबाई म्हणून एक आहेत, त्या तोंडानेच म्हणाल्या, हाय तसाच बरा हाय रं बाबा, मोकला.

थक्क झालो. मिनिमलिझम या लोकांच्या रक्तात आहे.

बिचाऱ्या कलावतीबाईंच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. सक्षमीकरण त्यांच्यापासून सुरू करायचं.

३ फेब्रुवारी
ऑफिससाठी गावातच खोली घेतली. मालकीण कलावतीबाई. बिल्डिंग त्यांची. समोरचीही. मागे काम चालू आहे तीही. सक्षमीकरणाचा मुद्दा तात्पुरता बाजूला.

त्यांचे यजमान धाकूशेठ म्हणजे गावकीचे प्रमुख. त्यांना ड्रॉइंग दाखवलं. बराच वेळ उलटं धरून बघितलं. मग बायकोला म्हणाले, करू दे, पोराचा मन कशाला मोडाचा. मला म्हणाले, फक्त हलदीला जागा लागल हां. नोंद घेतली: 'सांस्कृतिक अपेक्षा'.

मुंबईच्या एका फाउंडेशनने बांधकामापुरता निधी दिलाय. एप्रिलअखेर त्यांची माणसं पाहणीला येणार. पसंत पडलं तर पुरस्कार आणि मोठी ग्रँट. मग प्रफुल्लला लांबूनच नमस्कार.

१६ मार्च
काम पूर्ण! गोलाकार काँक्रीटची बाकं, नाव 'संवाद-वर्तुळ'. भिंतीवर भित्तिचित्र: शेतकरी, नांगर, म्हैस. धाकूशेठनी विचारलं, म्हस कोनाची? आमचे घरान आता फॉर्च्युनर हाय. म्हटलं, ही तुमची ओळख आहे. गप्प झाले. भारावले असावेत.

२३ मार्च
बाकांवर अजून माणूस बसलेला नाही. पापड वाळतायत, बोंबील वाळतायत, एका बाकाला बोकड बांधलाय. रिपोर्टमध्ये लिहिलं: 'मिश्र वापर'.

कलावतीबाईंना विचारलं, तुम्ही का बसत नाही? म्हणाल्या, बसाला घरान सोफा हाय ना, आन् तुझा दगड उन्हान तापतंय. समुपदेशनाची गरज.

१३ एप्रिल
धाकूशेठ सपत्नीक ऑफिसात. मुलीचं, करिश्माचं, लग्न अक्षय्य तृतीयेला. आदल्या दिवशी चौकात हळद. मंडपाला बाकं आडवी येतात, ती काढायची.

पाहणीही नेमकी त्याच दिवशी! समजावलं, बाकं जमिनीत पक्की आहेत. हळद हॉलमध्ये करा, एसी मिळेल. कलावतीबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, हलद हॉलमधी? माझी पोर काय वाऱ्यावर आलीय? आमच्या सगल्या पोरींची हलद या चौकानच झाली.

क्षणभर मलाही कसंतरी झालं. पण तत्त्वाचा प्रश्न होता. जागेच्या न्याय्य वाटपावर बोललो, बराच वेळ. शेवटी धाकूशेठ उठले. म्हणाले, बरा, चल, जेवून जा.

पटलं त्यांना.

२९ एप्रिल, सकाळ
चौकात जेसीबी. चालवणारा मयूर, धाकूशेठचा पुतण्या. बाकं दातासारखी उपटतोय. मी आडवा उभा राहिलो. म्हणाला, सर, थोडा बाजूला व्हा ना, पायावर येईल. सुरक्षेच्या कारणास्तव बाजूला झालो.

संपलं सगळं.

रात्री
संपलं कुठलं! पाहणीला फाउंडेशनच्या कृतिका मॅडम आल्या तेव्हा चौक भरून वाहत होता. मंडप, बँजो, नाचणाऱ्या बायका. गावातल्या भीमाबाई लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गात होत्या, करिश्मा पाटावर पिवळी धमक. मॅडमना कुणीतरी ओढून नाचायला नेलं. जेवण तर विचारू नये. मलाही गालभर हळद लागली.

मॅडमनी विचारलं, ही जागा अशी कुणी घडवली? इथे मी कमाल केली. मान खाली घालून म्हणालो, सगळं लोकांनीच केलं. त्यांनी लिहून घेतलं. मोठ्या माणसाचा विनय उठून दिसतो. पुरस्कार खिशात.

१५ मे
पुरस्कार निळवली गावकीला. ग्रँटही. कारण: 'बाहेरून लादलेलं काँक्रीट हटवून ग्रामस्थांनी आपला चौक परत मिळवला.'

मेल केला, ते काँक्रीट माझं होतं. उत्तर आलं, माहितीबद्दल आभार, अहवालात नाव घालतो.

वाईट वाटलं. फार वाटलं. योगिनीने सरळ भावाला फोन लावला.

१ जून, रविवार
ठाण्यात पुरस्कार सोहळा. जाणार नव्हतो. पण काल धाकूशेठ स्वतः घरी आले, डोंबिवलीला, चौथा मजला चढून. म्हणाले, स्टेजवर आमाला घाम फुटतंय. तुला बोलाला येतं. गावातर्फे तूच बोल.

बोललो. गावकीच्या वतीने चषक घेतला आणि ती बाकं काढणं का गरजेचं होतं ते सविस्तर सांगितलं. टाळ्या थांबेनात. कलावतीबाई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होत्या. खाली उतरल्यावर धाकूशेठनी चषक माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

उद्या नऊला वागळे इस्टेट. योगिनीने डबा काय देऊ विचारलं. प्रफुल्लचा मेसेज आलाय: पहिला दिवस आहे, वेळेवर ये.

उत्तर पाठवलं: येस सर.