तुमच्यानंतर कोण?

प्रिय क्रांती,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस. तब्येत बरी आहे, गोळ्या वेळेवर घेतो, जिना चढताना आता दम लागत नाही. तुझ्या आईनं यंदा लोणचं जरा जास्तच तिखट केलंय. कुणी पुण्याला येणार असलं की बरणी पाठवते म्हणाली. मला सांगायचंय ते वेगळंच आहे, पण कुठून सुरू करावं तेच कळेना.

मागच्या महिन्यात चाकणच्या एका कंपनीची माणसं आपली फौंड्री बघायला आली होती. पंपाच्या कास्टिंगचं मोठं काम त्यांना द्यायचंय. भट्टी बघितली, साचे बघितले, चहा घेतला. निघताना त्यांच्या साहेबांनी हसत विचारलं, "उदयसिंहराव, तुमच्यानंतर कोण बघणार हे?" मीही हसून विषय बदलला. पण चारच दिवसांत निरोप आला, की कामाचं बोलण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवं.

तुझ्या आजोबांना हे कुणी विचारलंच नाही. उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडात त्यांनी भट्टी पेटवली आणि शेवटपर्यंत खुर्ची सोडली नाही. ते गेले तेव्हा तू लहान होतीस. संग्रामकाका आपल्याकडे यायचा बंद झाला होता, एवढंच तुला आठवत असेल. मी एक सांगायचो, तो दुसरंच. कामगार दोघांच्या तोंडाकडे बघत उभे. एकदा तर लोखंडाचा रस तयार होता आणि तो कुठल्या साच्यात ओतायचा यावर आमचं जुंपलं. आम्ही भांडत राहिलो, रस गोठून गेला. शेवटी आक्काताईनं, थोरली बहीण म्हणून, आम्हा दोघा भावांना जेवायला बोलावलं आणि ताटावरच फैलावर घेतलं, "भांडा की! पर बानं उभं केलंय ते मोडू नगासा." तेव्हापासून घरचे सगळे महिन्यातून एकदा एकत्र बसतो. प्रत्येकाच्या मताला सारखी किंमत. आत कितीही आरडाओरडा होऊ दे, बाहेर पडताना निर्णय सगळ्यांचा. हा नियम आजवर कुणी मोडला नाही.

परवाच्या रविवारी साहेबांचा प्रश्न मी बैठकीत ठेवला. उत्तर ठरल्यासारखंच होतं. संग्रामचा आदर्श डिप्लोमा झाल्यापासून भट्टीवर उभा आहे, दुसरं नाव कुणाच्या डोक्यात येणार? पण आदर्शच म्हणाला, "काका, मला भट्टी कळती, माणसं कळत्यात. गिऱ्हाइकासमोर बसलो की मात्र तोंडातनं शब्द फुटत न्हाई. क्रांतीला बोलवा. ती वरचं बघंल, मी खालचं. आमचं भांडून भांडून लहानपणीच जमलंय."

मला वाटलं, संग्राम आता पोरावर उखडणार. पण सगळ्यांच्या आधी त्यानंच हात वर केला. आक्काताई तर रडायलाच लागली. लग्नाआधी ती आजोबांबरोबर फौंड्रीत जायची, हौसेनं साच्याची वाळू चाळायची. वयात आली आणि आजोबांनी तिला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. ती म्हणाली, "मला कुणी इचारलं न्हाई. हिला तरी इचारा." तिचा हात वर, तुझ्या आईचा वर, आदर्शचा तर होताच.

दिवाळीत तू फौंड्रीत आली होतीस ते आठवतंय? एका कास्टिंगला छिद्रं दिसली, तर तू पदर खोचल्यासारखी ओढणी खोचलीस आणि वाळूचा ओलावा कोण तपासतं म्हणून सगळ्यांना धारेवर धरलंस. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आणि रागही आला होता. दोन्ही एकदमच, आणि राग कशाचा ते अजून उमगलेलं नाही.

आता मनाशी कारणं शोधत बसलोय. तुझी नोकरी चांगली आहे, ती का सोडायची? पण नोकरीला कंटाळले असं तूच म्हणतेस. मोठ्या भावानं आपलीच लेक बसवली असं लोक म्हणतील? पण नाव तर पुतण्यानं सुचवलं. या खुर्चीनं मला ना धड झोप दिली ना सुट्टी, तुझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला मी आलो नाही; ते तुझ्या वाट्याला नको, असं वाटतं का? हे कारण मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नाही. तू मुलगा असतीस तर हे मनात तरी आलं असतं का? का मलाच खुर्ची सोडवत नाही? यातलं खरं कुठलं, देवाशप्पथ सांगता येत नाही.

तुला कळलंच असेल. सगळ्यांचे हात वर होते, फक्त माझा मांडीवरच राहिला. संग्राम म्हणाला, "दादा, लेक तुझी हाय की!" तरी हात उठला नाही. निर्णय झाला, आणि नियमाप्रमाणे तो आता माझाही आहे. येत्या रविवारी आदर्श तुला फोन करील, घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे म्हणेल. ते त्यानं म्हणायलाच हवं. पण त्यावर तू मला फोन करून "बाबा, तुमचं काय?" असं विचारणार, आणि मी "माझंही तेच" म्हणून मोकळा होणार. ते खोटं तुझ्या कानात जायच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून लिहिलं. माझ्यासाठी येऊ नकोस आणि माझ्यामुळे नाही म्हणू नकोस. आलीस तर पहिल्याच बैठकीत, सगळ्यांसमोर मला विचार, हात का उठला नाही. मी उठून जायला लागलो तर खाली बसव. तिथं तुझ्या आणि माझ्या मताची किंमत सारखीच असेल.

तुझाच,
बाबा