बाहेरून कडी

क्रिस्तियानसुंड, ९ नोव्हेंबर १९९३

ती. तोरुनताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. ठीक कोणीच नाही. तुझा सिनेमा गावात लागला. पोरांना रोज रात्री बाहेरून कडी घालणारी, मांडीवर कुऱ्हाड घेऊन दाराशी बसणारी बाई कोण, हे सगळ्यांनी ओळखलं. स्वयंपाकघर तू आपलंच उभं केलंयस, निळ्या फळ्यांसकट. ऑस्लोच्या त्या समीक्षकाने ‘वर्षातली सर्वांत भीषण आई’ म्हणत गुण म्हणून फाशाच्या सहा ठिपक्यांपैकी दोनच दिले. अशी आई कुठे असते, ती असं का वागते हे दिग्दर्शिकेलाच ठाऊक नाही, नटीने नटीचं काम करावं, असंही लिहिलं. वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मासळीवाली आता आईशी हवापाण्याचंही बोलत नाही. अख्खं बंदर बाबांना मान द्यायचं आणि तू त्यांच्या बायकोचे धिंडवडे काढलेस. ते असते तर तुला उंबरा ओलांडू दिला नसता.

लोभ आहे, पण सध्या मागू नकोस.
आयविन

ऑस्लो, १४ नोव्हेंबर

चि. आयविनास,
अ. आ.

दोन ठिपके मी सोसले. रंगमंचावर माझी वाहवा करणाऱ्या माणसाने मी कॅमेऱ्यामागे जाताच मला माझी जागा दाखवली, तेही गिळलं. तुला बरं वाटलं, हे मात्र घशाखाली उतरत नाही. मला ती आई एकदाही भीषण वाटली नाही. कडी लागण्याआधी जिन्यावर जड बूट वाजतात. ते कोणाचे हे मी दाखवलं नाही, कारण आईला शब्द दिला होता. तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होतास. समीक्षकाला ते बूट ऐकू आले नाहीत; तुला तरी यायला हवे होते. बाबांची बोट दर वसंतात रंगवतोस, खुशाल रंगव. पण आधी आईला विचार. तेवढी छाती नसेल तर मला पुन्हा लिहू नकोस.

रागातही तुझीच,
ताई

क्रिस्तियानसुंड, २१ नोव्हेंबर

चि. तोरुनला अनेक आशीर्वाद.

आयविनने विचारलं, मी सांगितलं. पिऊन आले की तुझे बाबा कोणाला ओळखायचे नाहीत, आणि एकदा अंथरुणात झोपलेल्या त्याच्यावरच त्यांनी वल्हं उगारलं होतं, हेही. ऐकून तो बोटीवर निघून गेला. अजून धड बोलत नाही. त्याला वेळ लागेल.

मग मी सिनेमा पाहिला. मासळीवालीला हाताला धरून शेजारी बसवलं. त्या समीक्षकाला वर्तमानपत्रातूनच उत्तर दिलंय, खाली माझं नाव घालून. अशी आई असते, ती क्रिस्तियानसुंडला राहते, आणि ती असं का वागते ते कळायला नुसते डोळे पुरत नाहीत, कानही लागतात, असं लिहिलं. मला दिलेल्या शब्दातून तू आता मोकळी झालीस.

राग तुझ्यावरही आहे. मला न विचारता माझं घर लोकांपुढे उघडलंस. शिवाय तुझी ती बाई शेवटी किंचाळते. मी कधीच किंचाळले नाही. किंचाळले असते तर तुम्ही दोघं जागे झाला असता.

नाताळला ये. उरलेला राग तुला समोर बसवून काढीन.
तुझी आई