काचेची पट्टी

मल्लेश्वरम, बेंगळुरू
१८ ऑगस्ट २०२४

उपेंद्र भाऊजी,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील. स्मिताने पाठवलेला डबा धुऊन ठेवला आहे. केतकी परवा पुण्याला परत गेली; लेकीला तरी किती दिवस थांबवून घेणार? माझे जेवण, झोप ठीक आहे, काळजी नसावी.

नव्या ऑफिसच्या पाटीवर ह्यांचे नाव ठेवू का, असे तुम्ही फोनवर विचारलेत. मी विचार करून कळवते म्हटले होते.

ह्यांच्या तेराव्याला तुम्ही तो विनोद पुन्हा सांगितलात. "आमचा मकरंद चहाच्या टपरीलासुद्धा पायलिंगचा खोल पाया सुचवायचा." लोक हसले. वाढता वाढता मीही हसले. क्लायंटनाही तुम्ही हेच सांगत होतात, ते मला माहीत आहे.

महादेवपुऱ्याच्या त्या इमारतीवर दोन मजले जास्त चढवायला ह्यांनी नकार दिला. तुम्ही ड्रॉइंगवर सही केलीत आणि हे तुमच्या दोघांच्या फर्ममधून बाहेर पडले. पूल डिझाइन केलेला माणूस मग देवनहळ्ळीच्या लेआउटमध्ये कंपाउंडच्या भिंतींची ड्रॉइंग करत बसला. इमारत मात्र उभीच राहिली. ह्यांना त्याचे समाधान होते. मला नव्हते.

तळघरातल्या एका बीमला केसाएवढी भेग होती. ह्यांनी तुम्हाला सांगितले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "प्लास्टरची आहे रे, झोप तू." मग ह्यांनी भेगेवर काचेची एक पट्टी चिकटवली. भेग वाढली तर काच तडकते. दर पावसाळ्यात बघून यायचे.

"काय झालं?" मी विचारायची.

"शाबूत आहे," म्हणायचे आणि शांतपणे जेवायला बसायचे.

एकदा मी म्हटले, "तडकू दे की एकदाची. कळेल तरी सगळ्यांना कोण खरं होतं."

ते ताटावरून उठले. त्यानंतर मला काही सांगितले नाही, पण जात राहिले.

यंदा जाणारे कुणी नव्हते, म्हणून गेल्या आठवड्यात मी गेले. वॉचमन शिवाप्पाने ओळखले. "सार बरलिल्ला, अम्मा?" मी म्हटले, सार आता येणार नाहीत. तो मला खाली घेऊन गेला.

काच तडकली आहे, भाऊजी.

आधी मला बरे वाटले. खोटे कशाला लिहू? मग बीमखाली ठेवलेल्या मुलांच्या सायकली दिसल्या. एकीला नुकतीच घंटा बसवलेली होती. ह्यांना कसली भीती वाटत होती, ते मला तिथे उभे राहिल्यावर कळले. उशीरच झाला.

पाटीवर ह्यांचे नाव नको.

सोसायटीच्या सेक्रेटरी प्रमोदिनीबाईंना मी त्याच दिवशी सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "इंजिनियर कोण होते?" मी तुमचे नाव आणि नंबर दिला. त्या रोज फोन करताहेत आणि तुम्ही उचलत नाही, असे कळले.

डबा न्यायला कुणाला पाठवू नका, तुम्हीच या. जाताना ह्यांची टॉर्च घेऊन जा. तिथे खाली अंधार आहे.

प्रेमा