‘चिमट्या’ची जागा

३ मार्च, सोमवार
आजपासून पहाटे उठून पेपरातलं माझं ‘चिमटा’ हे सदर लिहायचं. राजकारण, बाजार, सिनेमा, कुणाचीच गय नाही. दुपारच्या आत मजकूर पान लावणाऱ्या बाईंच्या हातात. (उठलो नऊला. पण ठराव उठल्यावर झाल्यामुळे तो उद्यापासून लागू.)
बायको म्हणाली, चिमटा कुणाला बसतो का, तेही एकदा बघा. मी कानाडोळा केला. तिचं पेपरवाचन राशिभविष्यापुरतं.

५ मार्च
एकाच पुलाचं दुसऱ्यांदा उद्घाटन. काय ऐवज मिळाला! शेवटी लिहिलं, ‘पूल तोच, फीत तेवढी नवी.’ स्वतःच खूप हसलो.
बाईंनी खालच्या तीन ओळी उडवल्या. गादीची जाहिरात आली म्हणे. फीत त्याच तीन ओळींत होती.

७ मार्च
बाजारावर हात चालवला. पोलादाचे शेअर गाळात जाणार, असं ठणकावून लिहिलं. छापून येईपर्यंत ते वर गेले.
मेहुण्याचा फोन. तुमचं वाचून मी सगळे विकून टाकले म्हणाला. म्हणजे लोक वाचतात! पुढे तो जे बोलला, ते रागाच्या भरात.

११ मार्च, सकाळी
गाजलेल्या नट-नटीच्या घटस्फोटावर हळवा ‘चिमटा’. लिहिताना दोन रुमाल भिजले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दोघांनी हसत हसत नव्या सिनेमाची घोषणा केली. घटस्फोट ही जाहिरात होती. पान छापायला गेलेलं. माझा दोष नाही. बातमीनेच शब्द फिरवला.

१३ मार्च
आनंदाची बातमी! संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, वर तुमच्या जागेचा विचार चाललाय. अखेर डोळे उघडले यांचे. मी म्हटलं, अर्धं पान द्या. अगदीच अडचण असेल तर पाव पानावरही भागवीन. त्यांनी मग चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
घरी सांगितलं. बायकोने विचारलं, कुठली जागा? मला हसू आलं. आमच्या धंद्यात जागा म्हणजे पानावरची, हे घरच्यांना काय कळणार!

१५ मार्च
बायकोने दारावर शिकवणीची पाटी लावली. तिला वेळ जात नसावा.

१८ मार्च
अर्ध्या पानासाठी नवा फोटो काढला, हनुवटीला हात लावून. बाईंनी परत दिला. राहू द्या तुमच्याजवळ, अर्जाला लागेल म्हणाल्या. कसला अर्ज, विचारलं. कसलाही, म्हणाल्या. कामाने डोकं बधिर होतं बिचारीचं.
(पहाटे उठणं अजून सुरू व्हायचंय. अर्धं पान मिळालं की आपोआप जाग येईल.)

२१ मार्च
एका बड्या कंपनीने शेकडो लोकांना घरी बसवलं. कंपनी म्हणते, आम्ही माणसं काढत नाही, जागा कमी करतो. मी सोलून काढलं. शेवटी लिहिलं, ‘शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांना पत्ता लागला नाही, त्या भाबड्यांना काय म्हणावं?’
संपादकांनी एक शब्दही कापला नाही. आज पहिल्यांदा चिमटा बसला म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. माझी लेखणी.

३१ मार्च, सोमवार
सकाळी पेपर उघडला. ‘चिमटा’ नाही. त्या जागी रिकामी चौकट : ‘ही जागा उपलब्ध आहे.’ खाली फोन नंबर.
संपादकांनी केबिनचं दार लावून कुठली जागा ते नीट समजावलं. दोन्ही, म्हणाले. महिनाभर जाहिरात विभागात बसा, तोवर दुसरीकडे बघा. बसलो. चौकटीत छापलेल्या नंबरचा फोन माझ्याच टेबलावर होता.
‘चिमट्या’ला आजवर एकच फोन आला, मेहुण्याचा. चौकटीला दुपारपर्यंत आठ-दहा आले. गादीवाल्याने विचारलं, इथे आधी काय असायचं हो? रोज पेपर घेतो, पण आठवत नाही. मी म्हटलं, मलाही नक्की आठवत नाही. त्याने वर्षभरासाठी घेतली.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
घरी आलो. आतल्या खोलीत शिकवणी चालली होती. दारात उभा राहूनच बायकोला म्हटलं, जागा गेली.
तिने कुठली ते विचारलं नाही.