जिन्यापाशचा लाल डबा

मंगळवार, १६ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून तातडीच्या टपालानं लिहिते आहे. पोस्टमास्तरीणबाईचा भाऊ आहेस, निदान पाकीट तरी फोडशील.

आधी कामाचं. नाटकासाठी तू प्लायवूडचा टपालाचा डबा बनवलास ना? आमच्या पोस्टाच्या वरच्या हॉलमध्ये तुमचे प्रयोग चालू होते, तेव्हा दिवसा तो खाली जिन्यापाशी ठेवलेला असायचा. काल एक शिक्षिका खिडकीशी येऊन भांडल्या. म्हणे अर्ज पोचलाच नाही. कुठल्या डब्यात टाकलात विचारलं, तर म्हणाल्या, "जिन्यापाशच्या." जिन्यापाशी आमचा डबा नाहीच! मग आठवला तुझा डबा. शहाण्या, फट इतकी हुबेहूब कापायला तुला सांगितलं कुणी? लोकांनी बिनधास्त पत्रं टाकली आणि तुम्ही डबा ट्रकमध्ये घालून चालते झालात.

शनिवारी शेवटच्या प्रयोगात तो डबा स्टेजवर खरोखर पेटवणार, असं पेपरात आलंय. त्याआधी तो फोड. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल, पण त्यात लोकांची पत्रं आहेत रे.

आता दुसरं. मघापासून लिहायला हात धजत नाहीये. आईच्या हृदयाचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. "तो नाटकाच्या गडबडीत आहे, त्याला सांगू नकोस," असं तिनं मला बजावलं होतं. मग ती सारखी दाराकडे का बघते, ते मला कळेना. आज सकाळी गोळ्या देताना विचारलंच.

"मीच कळवलंय गं त्याला," ती म्हणाली. "तुमचं दोघांचं बिनसलेलं, म्हणून पत्र तुझ्या हाती दिलं नाही. ऑपरेशनआधी ये म्हटलंय. यायचं नसेल त्याला."

"कुठे टाकलंस पत्र?"

"तुझ्याच पोस्टात. जिन्यापाशी."

पत्र तुला मिळालंच नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तुझ्यावरचा आळ तिथल्या तिथे दूर झाला असता, कळतं मला. पण आता हे पत्र तुला नक्की मिळणार. आणि तरीही तू आला नाहीस, तर मी तिला काय सांगू?

फोन करू नकोस. ये.

तुझ्याशी भांडलेली,
ताई