राहीताईच्या गुडघ्यांसाठी दुआ

जव्हार, होळीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप राहीताईस, धाकट्या वेणूचा वाकून नमस्कार. खोडाळ्याला सगळे खुशाल ना? दाजी, कोंबड्या, तुझा राग? आणि गुडघे? (ठणठणीत आहेत, मला ठाऊक आहे. विचारायचं कारण खाली येईल.)

दिवाळीत तू माझी नवी खोली बघायला आलीस, घरमालकीण हमीदाबी आहे हे कळलं आणि तिने दिलेला पाण्याचा तांब्या तसाच ओट्यावर ठेवून परत गेलीस, त्यानंतरची ही हकीकत. सध्या तिचे रोजे चालू आहेत. ती उपाशी पोटी शिलाई मशीन चालवते आणि मी शेजारी बसून शेंगा फोडते, हे माझं मलाच बरं दिसेना. म्हटलं, एक दिवस आपणही धरू. उपासाचं आपल्याला काय नवं? विचारलं, साबुदाणा चालतो? नाही. शेंगदाणे? नाही. कोरा चहा? पाणी तरी? शेवटी तिला माझी दया आली आणि म्हणाली, आपली थुंकी गिळलेली चालते. (आपल्या एकादशीला मी जेवढं खाते तेवढं ती ईदलाही खात नसेल.)

सकाळी ह्यांची भाकरी भाजताना सवयीने तुकडा तोंडात टाकला आणि मग बोंब ठोकली. (होळी नुकतीच झालेली, त्यामुळे आळीत कोणी दखल घेतली नाही.) हमीदाबी हसत म्हणाली, "इसरून खाल्लं तर रोजा मोडत नाय गं. वरच्यानंच भरवलं समज." केवढी सोय! मी लगेच आणखी दोनदा विसरले. तेव्हा मात्र ती म्हणाली, त्याला नियत दिसते.

दुपारी भूक मेली, पण जीभ वळवळू लागली. मी तुझ्या जावेचा विषय काढला. मशीन न थांबवता हमीदाबी म्हणाली, "पोट उपाशी आन् जीभ जेवते का गं?" मग काय, विषय सोडला. (जावेवाचून दुपार किती लांबते, ते तुला कळेल.) बाहेर मोहाची फुलं टपटपत होती, मशीनची घरघर लांब कुठेतरी गेली, मी जागी की झोपलेली तेच कळेना. आणि अंगणात आई दिसली, ताई. आपल्या दोघींच्या ताटल्यांत नागलीची पेज ओतून "माझा आज उपास आहे" म्हणणारी. कोणता वार, हे आपण कधी विचारलंच नाही. मला फार रडू आलं. हमीदाबीला सांगितलं, तर तिची आईसुद्धा रमजान नसताना रोजा आहे म्हणायची. मग दोघी रडलो.

संध्याकाळी तिने हात पसरून दुआ मागितली. त्यात तुझं नाव ऐकू आलं. मग बांग झाली आणि पाण्याचा पहिला घोट पार पोटापर्यंत जाताना कळला.

तुझी,
वेणू

ता.क. ईदला ये. दिवाळीचा तांब्या विसरून ये. ती नवा भरून ठेवणार आहे.

दुसरा ता.क. त्या दिवशी तू ओटा का चढली नाहीस, याचं कारण मी तिला तुझी गुडघेदुखी सांगितलं होतं. तेव्हापासून ती दर नमाजाला तुझ्या गुडघ्यांसाठी मागणं मागते. म्हणून येताना थोडी लंगडत ये. आणि जाताना नीट चालत जा, म्हणजे तिला वाटेल, आपली दुआ पोचली.