वेंकम्माच्या घरी हसले ते

मंगळवार, ऑगस्ट २०१४. पासिर रिस, सिंगापूर.

आज माझ्या जिभेनं माती खाल्ली. दुपारी शेजारच्या वेंकम्माकडे तिचा तेलुगू सिनेमा बघत होते, हिंदीत केलेला. खेडेगाव, दोन जिवलग दोस्त. एकाला मारलं म्हणून दुसरा कोयता घेऊन निघाला. मी खो खो हसले. म्हटलं, "अगं, मित्रासाठी कोणी खून पाडतं होय? तुमचे लोक काहीही दाखवतात!"

वेंकम्मा शेंगा सोलत होती. मान वर न करता मोडक्या हिंदीत म्हणाली, "शेताच्या बांधावरून माझ्या भावाला मारलं. त्याच्या मित्रानं असाच कोयता उचलला. तुरुंगातच मेला तो."

आणि मी हसले होते. चांगले दात दाखवून हसले.

घरी नातीला सांगितलं. ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "आजी, जस्ट से सॉरी, लाह!" सोपं आहे का ते? जन्मात नवऱ्याला म्हटलं नाही.

तरी आत्ता जाऊन बेल वाजवली. तिनं दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "कढीपत्ता आहे का गं?" तिनं मूठभर दिला.

आमच्या दारात कढीपत्त्याची अख्खी कुंडी आहे. तिनंच दिलेली.